ग्लॅडिएटर्स: नव्या प्रेक्षकांना पडणारे आणि जुन्या चाहत्यांना पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

यात नेमकं कोण कोणाविरुद्ध खेळतं?

ग्लॅडिएटर्स या दूरचित्रवाणीवरच्या ताकदीच्या स्पर्धेचा पहिला भाग पाहून उठणारा जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो, आणि बहुतेकांनी स्वतःशी काढलेलं उत्तर चुकीचं असतं. पडद्यावर दिसतं ते असं: एका बाजूला शाळेत शिकवणारी किंवा आग विझवणाऱ्या दलात काम करणारी साधी माणसं, दुसऱ्या बाजूला घट्ट चकचकीत पोशाखातले पिळदार ग्लॅडिएटर, म्हणजे टोपणनावाने उतरणारे कार्यक्रमाचे स्वतःचे खेळाडू. साहजिकच वाटतं की लढत या दोघांची.

खरी लढत दोन स्पर्धकांमध्ये असते. पुरुष स्पर्धक दुसऱ्या पुरुष स्पर्धकाविरुद्ध, महिला स्पर्धक दुसऱ्या महिलेविरुद्ध. ग्लॅडिएटर हा मध्ये उभा केलेला अडथळा आहे. फक्त तो विचार करतो, चिडतो आणि गर्दीकडे बघून छाती ठोकतो. पुढच्या फेरीत जातो तो स्पर्धक. दोघांनीही ग्लॅडिएटरकडून सगळीकडे मार खाल्ला तरी त्यातला एक जण त्या संध्याकाळचा विजेता असतोच. एवढं लक्षात ठेवलंत की खाली येणारे निम्मे वाद आपोआप सुटतात.

मग ग्लॅडिएटर जिंकला तर त्याला काय मिळतं?

गुणफलकावर काहीही नाही. त्याला फक्त समोरच्याला गुण मिळू द्यायचे नसतात. पण शनिवारी रात्री लाखो लोकांसमोर एखाद्या हडकुळ्या पोस्टमनने आपल्याला फळीवरून खाली पाडलं तर? त्यांची सगळी मेहनत त्या भीतीपोटी असते. लोकप्रियता, टोपणनावाचा दबदबा, पुढच्या पर्वात पुन्हा बोलावणं, हे सगळं त्यावरच चालतं.

एलिमिनेटरमध्ये एक जण आधी का सुटतो? हा अन्याय नाही का?

नाही, हीच तर या स्पर्धेची खुबी. आधीच्या सगळ्या खेळांत मिळवलेले गुण शेवटच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे एलिमिनेटरमध्ये, सेकंदांत बदलतात. ब्रिटिश आवृत्तीत एका गुणाला अर्धा सेकंद. तुम्ही १२ गुणांनी पुढे असाल तर ६ सेकंद आधी शिट्टी वाजते. समोरचा तोवर जागेवर उभा राहून तुमची पाठ बघतो.

आता हिशेब लावा. ड्युएलमध्ये, म्हणजे उंच फळ्यांवरच्या काठ्यांच्या लढतीत, ग्लॅडिएटरला खाली पाडलं तर १० गुण, म्हणजे ५ सेकंद. बरोबरी झाली तर ५ गुण, म्हणजे अडीच सेकंद. हँग टफमध्ये कड्यांवर लोंबकळत पलीकडचा मंच गाठला तर १०, आणि मिनिट संपेपर्यंत ग्लॅडिएटरच्या हद्दीत नुसतं टिकून राहिलात तरी ५. पॉवरबॉलमध्ये मधल्या पिंपात चेंडू टाकला तर ३ आणि कडेच्या पिंपात टाकला तर २. एकेक चेंडू क्षुल्लक वाटतो, पण असे चार चेंडू जास्त टाकणारा स्पर्धक शेवटी चार ते सहा सेकंद आधी पळत असतो.

हे सगळे सेकंद गिळणारा राक्षस म्हणजे ट्रॅव्हलेटर. चढाचा सरकता पट्टा, तोही उलट्या दिशेने फिरणारा. जाळी चढून, हातांनी फिरवायच्या पायडलवर लोंबकळत अंतर कापून, तुळईवरून तोल सावरत आल्यावर मांड्यांत काही उरलेलं नसतं आणि समोर हा पट्टा येतो. सहा सेकंदांची आघाडी घेऊन आलेला माणूस इथे अर्ध्यावरून घसरून पुन्हा तळाला येतो आणि मागचा त्याच्या शेजारून वर निघून जातो. जुन्या चाहत्यांना विचारलंत तर त्यांना बाकीचे निकाल आठवणार नाहीत, ट्रॅव्हलेटरवरच्या घसरगुंड्या मात्र नावानिशी आठवतील.

माझं मत विचाराल तर दूरचित्रवाणीवरच्या कुठल्याच क्रीडास्पर्धेला गुण आणि वेळ यांची इतकी साधी सांगड घालता आलेली नाही.

सगळं आधी ठरलेलं असतं का? नुरा कुस्तीच ना ही?

सोंग ठरलेलं असतं, निकाल नाही. कोण गुरगुरणार, कोण स्वतःच्याच प्रेमात असणार, कोण मुलांना टाळ्या देत फिरणार, हे व्यक्तिमत्त्व घडवलेलं असतं. शिट्टी वाजली की मात्र खेळ खरा. व्यावसायिक रेसलिंगचे प्रेक्षक इथे आले की पहिले काही आठवडे गोंधळतात, कारण पोशाख आणि आरडाओरडा तसाच, पण पडणारा खरोखर पडतो.

संकलनाची कैची अर्थात चालते. सध्याच्या ब्रिटिश आवृत्तीचं, म्हणजे बीबीसीचं, पर्व उन्हाळ्याच्या सुमारास सलग चित्रित होतं आणि जानेवारीत दाखवलं जातं. त्यामुळे आठवड्यापूर्वी थकलेला ग्लॅडिएटर आज ताजातवाना का दिसत नाही, याचं उत्तर सोपं आहे: त्याच्यासाठी तो आठवडा झालेलाच नसतो.

सगळ्यांत अवघड खेळ कोणता?

यावर चाहत्यांची एकवाक्यता कधीच झालेली नाही आणि होऊही नये. लोक ड्युएलचं नाव घेतात, कारण ते पटकन कळतं: उंचावरच्या दोन छोट्या फळ्या, हातात दोन्ही टोकांना गादी लावलेली काठी, समोरच्याला खाली पाडा. पण ड्युएलमध्ये हरणं लवकर उरकतं. पडलात की संपलं.

माझं मत हँग टफला. छताला टांगलेल्या कड्यांच्या जाळीतून हातांवर झुलत पुढे जायचं आणि मध्येच ग्लॅडिएटर येऊन कमरेला पायांची कैची मारतो. आता तुमच्या मुठींवर दोन माणसांचं वजन. इथे दंडांचे फुगलेले स्नायू कामाला येत नाहीत, बोटं आणि मनगट कामाला येतात. म्हणूनच भलेमोठे व्यायामपटू इथे लवकर गळतात आणि सडपातळ गिर्यारोहक किंवा जिम्नॅस्ट टिकतात. दोरीचा मल्लखांब केलेल्या कुठल्याही मुलीला हे सांगावं लागणार नाही.

वॉल, म्हणजे चढाईची भिंत, भीती दाखवण्यात अव्वल. स्पर्धकाला काही सेकंदांची सूट मिळते, मग ग्लॅडिएटर खालून सुटतो. आधी वर पोचेल त्याला १०, नंतरच्याला ५. घोटा धरून खाली ओढलं की संपलं. गंमत म्हणजे इथे बहुतेक जण घाईने पडतात. खाली बघायचा मोह ज्याला आवरत नाही, त्याचा पाय चुकतोच.

गाँटलेट हा शुद्ध धक्काबुक्कीचा प्रकार. अरुंद बोळात एकामागून एक ग्लॅडिएटर गादीच्या ढाली घेऊन उभे, त्यांच्यातून घड्याळाच्या आत निसटायचं. रग्बी खेळलेल्यांना हा खेळ घरचा वाटतो.

कोणता ग्लॅडिएटर वाट्याला येतो, यात नशिबाचा भाग किती?

बराच, आणि चाहत्यांच्या चर्चेत सर्वांत जास्त धूर इथेच निघतो. दोन स्पर्धक एकमेकांचे प्रतिस्पर्धी असले तरी ड्युएल किंवा हँग टफमध्ये त्यांच्यासमोर बहुतेक वेळा वेगवेगळे ग्लॅडिएटर असतात. एकाच्या वाट्याला पर्वातला सर्वांत बळकट येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुखापतीतून नुकताच परतलेला. पॉवरबॉलमध्ये तर दोघेही एकाच वेळी मैदानात असतात आणि तीन ग्लॅडिएटर त्यांना अडवतात. तिघांनी मिळून एकाच्याच मागे लागायचं ठरवलं तर दुसऱ्याला रान मोकळं. यावर उपाय काय? काही चाहते म्हणतात, दोघांनाही एकाच ग्लॅडिएटरसमोर उभं करा. पण मग दुसऱ्याला दमलेला ग्लॅडिएटर मिळणार आणि तक्रारीची दिशा फक्त बदलणार. त्यातल्या त्यात दिलासा असा की बीबीसीच्या पर्वात हरलेल्यांपैकी एलिमिनेटर सर्वांत वेगात पूर्ण करणाऱ्यांनाही पुढची दारं उघडतात.

हे आधी अमेरिकेत आलं की ब्रिटनमध्ये?

अमेरिकेत. मूळ पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात, जिथे १९८२ मध्ये डॅन कार आणि जॉनी फेरारो या दोघांनी कष्टकऱ्यांच्या ताकदीची एक स्थानिक स्पर्धा भरवली होती. ‘अमेरिकन ग्लॅडिएटर्स’ म्हणून ती १९८९ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि १९९६ पर्यंत चालली. सुरुवातीच्या भागांत रोमन आखाड्याचा अंधारा देखावा होता, तो लवकरच गुंडाळून सरळ क्रीडास्पर्धेचं रूप दिलं गेलं. शहाणपणाचा निर्णय. माइक ॲडॅम्ली शेवटपर्यंत सूत्रसंचालक होता. नायट्रो, लेझर, झॅप, आइस, ब्लेझ ही नावं त्या काळातली.

२००८ मध्ये एनबीसीने ती पुन्हा आणली, सूत्रसंचालनाला हल्क होगन आणि लैला अली. त्यात क्रश या नावाने जीना कॅरानो ही मिश्र मार्शल आर्ट्सची खेळाडू होती. दोन पर्वांत आटोपलं.

ब्रिटनमध्ये आयटीव्हीने ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू केलेली मालिका १ जानेवारी २००० पर्यंत चालली. मग २००८-०९ मध्ये स्काय वाहिनीची दोन पर्वं, आणि १३ जानेवारी २०२४ पासून बीबीसी. ऑस्ट्रेलिया, फिनलंड, स्वीडन, दक्षिण आफ्रिका इथेही आपापल्या आवृत्त्या निघाल्या.

आयटीव्हीच्या जुन्या पर्वांबद्दल लोक इतके हळवे का?

कारण बर्मिंगहॅमच्या नॅशनल इनडोअर अरीनातली ती शनिवारची संध्याकाळ अख्खं घर एकत्र बघायचं. अल्रिका जॉन्सन आणि जॉन फॅशनू यांचं सूत्रसंचालन, फोमचे भलेमोठे हात हलवणारी पोरं, आणि पंच जॉन अँडरसन. ‘कंटेंडर, रेडी! ग्लॅडिएटर, रेडी!’ ही त्यांची स्कॉटिश वळणाची गर्जना ब्रिटनमध्ये आजही शाळेच्या मैदानावर ऐकू येते, तीही ज्यांनी मूळ कार्यक्रम पाहिलेला नाही अशा मुलांच्या तोंडून.

अँडरसन हे केवळ दूरचित्रवाणीसाठी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेले गृहस्थ नव्हते. १९८२ मध्ये ५००० मीटरचा जागतिक विक्रम करणाऱ्या डेव्हिड मूरक्रॉफ्टचे ते प्रशिक्षक. मैदानावर वूल्फ हा खलनायकी ग्लॅडिएटर त्यांच्याशी हुज्जत घालायचा तेव्हा ते ज्या थंड नजरेने बघायचे, ती आयुष्यभर धावपटूंना शिस्त लावलेल्या माणसाची नजर होती. २०२४ च्या जुलैमध्ये ९२ व्या वर्षी ते गेले.

ग्लॅडिएटरांमध्येही मोठी गंमत होती. वूल्फ सुरुवातीलाच चाळिशीचा, तर दुसऱ्या पर्वात आलेला हंटर जेमतेम १९ वर्षांचा. जेट म्हणजे डायान युडेल, त्या काळातलं सर्वांत लाडकं नाव. ॲमेझॉन म्हणजे १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये पोहण्यात रौप्य मिळवलेली शॅरन डेव्हिस. नाइटशेड म्हणजे १९८६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं सुवर्ण जिंकलेली ज्युडी सिम्पसन. ‘पूर्वीचे ग्लॅडिएटर नुसते बॉडीबिल्डर होते’ असं म्हणणाऱ्यांना ही दोन नावं ऐकवा.

आणि आताचे? ते खरे खेळाडू आहेत की मॉडेल?

खेळाडू. शेफील्डच्या अरीनात उतरणाऱ्या मंडळींची यादी एकदा नीट बघा. फायर म्हणजे माँटेल डग्लस: २००८ मध्ये बीजिंगला धावली आणि २०२२ मध्ये त्याच बीजिंगला बॉबस्लेमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, उतरली, उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये भाग घेणारी पहिली ब्रिटिश महिला. नायट्रो म्हणजे हॅरी एकिन्स-अरीटी, २००५ मध्ये जागतिक युवा स्पर्धेत १०० आणि २०० मीटर दोन्ही जिंकलेला धावपटू. फ्युरी म्हणजे जोडी आउन्सली, रग्बी सेव्हन्समध्ये इंग्लंडकडून खेळलेली कर्णबधिर खेळाडू. तिच्याआधी तीसेक वर्षं अमेरिकेत सायरन या नावाने शेली बीटी ही कर्णबधिर शरीरसौष्ठवपटू ग्लॅडिएटर होती, हे फार थोड्यांना आठवतं.

भारतीय वंशाचं कोणी आहे का?

आहे. अथेना, म्हणजे करनजीत कौर बैन्स. वॉरिकची ही शीख तरुणी पॉवरलिफ्टिंगमध्ये ग्रेट ब्रिटनचं प्रतिनिधित्व करणारी पहिली शीख महिला. तिला टाळ्या द्यायला पंजाबी असण्याची गरज नाही; ब्रिटनमधल्या आपल्या घरांतल्या मुलींना पडद्यावर आपल्यासारखी दिसणारी, केसांच्या वेणीसकट समोरच्याला ढकलून देणारी बाई दिसते, हे मोठंच आहे. मराठी आडनावाचा स्पर्धक कधी दिसेल याची वाट आम्हीही पाहतोय.

खलनायक लागतातच का?

लागतात. जुन्या काळी वूल्फ, आता वायपर. वायपर बोलत नाही, हरला की आदळआपट करतो, पंचाच्या अंगावर गेल्यासारखं करतो आणि अख्खं अरीना हुर्यो उडवतं. लेजंडची तऱ्हा निराळी: तो स्वतःलाच सर्वश्रेष्ठ मानतो आणि हरल्यावर जी सबब देतो ती त्याच्या खेळापेक्षा जास्त गाजते. गर्दीने कोणाच्या बाजूने ओरडायचं हे खलनायकामुळे ठरतं. नाहीतर दोन अनोळखी स्पर्धकांपैकी कोणाला पाठिंबा द्यायचा?

पंचाच्या निर्णयावर दाद मागता येते का?

स्पर्धकाला चेहरा पाडता येतो, एवढंच. सध्याचे पंच मार्क क्लॅटनबर्ग, २०१६ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि युरो अशा दोन्ही फुटबॉल अंतिम सामन्यांत शिट्टी वाजवलेले. हुज्जतीची त्यांना सवय आहे. नियमभंगाला ग्लॅडिएटरही बाद होतो. ड्युएलमध्ये समोरच्याच्या फळीवर पाय टाकला तर कितीही मोठं नाव असो, हरलाच.

स्पर्धक पुढे ग्लॅडिएटर होऊ शकतो?

झालेले आहेत. एनबीसीच्या पहिल्या पर्वाचे विजेते इव्हन डॉलर्ड आणि मोनिका कार्लसन दुसऱ्या पर्वात रॉकेट आणि जेट या नावांनी पलीकडच्या बाजूला उभे राहिले. ब्रिटनमध्ये चाहत्यांचा जीव मात्र युनिस हथार्टवर. लिव्हरपूलच्या या बाईने १९९४ चं पर्व जिंकलं, मग आंतरराष्ट्रीय स्पर्धाही जिंकली, आणि पुढे चित्रपटांत अँजेलिना जोलीची स्टंट डबल म्हणून नाव काढलं.

बक्षीस किती?

एनबीसीच्या आवृत्तीत एक लाख डॉलर होते. बीबीसीच्या पर्वात रोख काही नाही, चषक मिळतो. २०२४ चा चषक फिनले अँडरसन आणि मारी-लुईस निकलसन यांनी उचलला. पैसे नसल्यामुळे स्पर्धा फिकी झाली असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. ट्रॅव्हलेटरवर जीव तोडून चढणाऱ्याच्या चेहऱ्यावर पैशाचा हिशेब कधी दिसला नाही.

स्टेरॉइडचं काय?

नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन आवृत्तीवर हा डाग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मूळचा नायट्रो, म्हणजे डॅन क्लार्क, याने २००९ मध्ये आत्मकथन लिहून स्वतःच्या सेवनाची उघड कबुली दिली. आताच्या ब्रिटिश पर्वासाठी चाचण्या घेतल्या जातात, असं बीबीसी सांगते. चर्चेत एखाद्याच्या दंडाचा घेर बघून आरोप करणारे येतातच. नुसत्या डोळ्यांनी निदान करू नका.

दुखापत झाली तर?

ग्लॅडिएटर जायबंदी झाला तर दुसरा येतो. स्पर्धकाला थांबावं लागलं तर राखीव स्पर्धक त्याची जागा घेतो. आणि हे वरचेवर होतं. गाद्या, शिरस्त्राणं, सुरक्षेचे दोर सगळं असूनही पन्नास-साठ किलोंचं शरीर उंचावरून पडलं की घोटा, गुडघा, खांदा यांपैकी काहीतरी बोलतंच.

निंजा वॉरियर या अडथळ्यांच्या शर्यतीच्या कार्यक्रमासारखंच आहे ना हे?

नाही. तिथला अडथळा लाकूड-लोखंडाचा असतो आणि जागचा हलत नाही. इथला अडथळा तुमचा पाय धरतो.

जुना पिरॅमिड परत येईल का?

दर पर्वाआधी ही मागणी होते. गादीच्या पायऱ्यांचा प्रचंड डोलारा, वर कळसाशी पोचायचं आणि ग्लॅडिएटरने पकडून खाली लोळवायचं. दिसायला भन्नाट. पण १९९६ मध्ये याच पिरॅमिडवर आयटीव्हीच्या जेटच्या मानेला इजा झाली आणि तिची कारकीर्द तिथेच थांबली. एकमेकांना मिठी मारून दोन माणसं पायऱ्यांवरून गडगडत येतात तेव्हा कोण कोणावर पडेल, हे कुठलीच गादी ठरवू शकत नाही. बीबीसीने कोलिजन आणि द एजसारखे नवे खेळ आणले. त्यातला द एज उंचावरच्या अरुंद पट्ट्यांवर पळायला लावतो, पण खेळाडूला दोर बांधलेला असतो. पिरॅमिडच्या मागणीवर सह्या गोळा करणाऱ्यांना माझी सही मिळणार नाही. स्कायट्रॅकसाठी मागायला आलात, छताला उलटं चिकटून पळायच्या त्या शर्यतीसाठी, तर लगेच देतो.